बॅटरी पुरली ती रात्र

पनवेलला थंडी पडते असं मी म्हणालो की साताऱ्याची माझी बहीण फोनवर हसते. तिच्याकडे पहाटे तोंडातून वाफ निघते, आमच्याकडे फक्त पंखा बंद होतो. पण पडते. डिसेंबर सरत आला की एखाद्या सकाळी प्रबळगडाकडून कोरडा वारा सुटतो, नवीन पनवेलमधल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटची फरशी तळपायाला झोंबते, खोबरेल तेल बाटलीत गोठतं, आणि माझी बायको सुगंधा तेल लावायच्या आधी ती बाटली उन्हात ठेवते. एवढीच आमची थंडी. दोन-तीन आठवड्यांत आटोपते.

यंदाची आली तेव्हा मी खिडकीशी उभा होतो. समोरच्या इमारतींच्या वर विमानाचा एक दिवा संथपणे खाली येत होता. हे विमान जिथे उतरतं त्याच्या आसपास कुठेतरी सुगंधाचं माहेर होतं. खाडीच्या कडेचं गाव, मागे मिठागरं. ते गाव विमानतळात गेलं, माणसांना नव्या वसाहतीत प्लॉट मिळाले. हे सगळं पनवेलमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे कोणी कोणाला सांगत नाही. लग्नाला तीस-बत्तीस वर्षं होऊनही मीही तिला कधी विचारलं नव्हतं की गाव गेल्यावर नेमकं काय गेलं. मला माहीत आहे असंच मला वाटत होतं.

या थंडीबरोबर तीन वर्षांपूर्वीची थंडी परत येते. दर वर्षी येते. ती सांगायची म्हणजे आधी माझ्या झोपेविषयी सांगायला हवं.

मी घोरायचो. साधासुधा नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला मुक्काम केला तेव्हा सकाळी ओटीवर सगळे माझ्याकडे पाहून गालात हसत होते, आणि सासूबाईंनी चहा देताना विचारलं होतं, "जावईबापू, बरं नाय काय?" तेव्हापासून मी सासरी मुक्काम केला नाही. दिवसा जायचो, जेवायचो, आणि काहीतरी कारण काढून रात्री परत. सुगंधाही माझ्याबरोबर परत यायची. तिने कधी कुरकूर केली नाही, म्हणून मी तो विषय मिटलेला धरला.

मग मुलीची दहावी आली. तिला पहाटे उठवायला बरं पडावं म्हणून सुगंधा तिच्या खोलीत झोपायला लागली. परीक्षा झाली, बारावी झाली, मुलगी शिकायला बंगळुरूला गेली, तिकडेच लग्न झालं. सुगंधा त्या खोलीतच राहिली. उशी गेली, मग पांघरूण गेलं, मग एक दिवस तिची औषधांची पेटी आणि चष्म्याचं घर गेलं. कोणी काही ठरवलं नव्हतं. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचो, आणि वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली तर त्यामागे बल असतं असं मुलांना सांगायचो. घरात मात्र मला ते दिसलं नाही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हा मी वर्गात फळ्याला टेकून उभ्याउभ्या झोपलो. मुलं हसली, मीही हसलो. पुढच्या महिन्यात खोपोलीहून येताना गाडी चालवताना डोळा लागला, एका क्षणापुरता. सुगंधाने शेजारून हात घालून स्टिअरिंग ओढलं. आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. तिने पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, आणि मला न देता स्वतःच प्यायली.

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू दचकून जागा होतो, पुन्हा झोपतो, पुन्हा अडतो. रात्रभर हेच चालतं आणि माणसाला सकाळी त्यातलं काही आठवत नाही. त्यावर उपाय म्हणजे एक मशीन, बुटाच्या खोक्याएवढं. त्यातून एक नळी निघते, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. मशीन रात्रभर हवेचा हलका दाब देत राहतं, त्यामुळे घसा मिटत नाही. "एकही रात्र चुकवू नका," डॉक्टर म्हणाले, "आणि चुकवलीत तर दुसऱ्या दिवशी गाडीला हात लावू नका."

मशीन आलं आणि माझं घोरणं थांबलं. पहिल्याच आठवड्यात थांबलं. मला वाटलं होतं, आता ती परत येईल. आली नाही. मी बोलावलं नाही. मास्क लावला की नळीची हवा नाकात घुमत असते, तोंड उघडलं की ती तोंडातून सुटते आणि शब्द फुटके निघतात. त्यामुळे रात्री नऊ-साडेनऊला "लावतो गं" म्हणायचं आणि लावायचं, एवढाच आमचा निरोप. भिंतीपलीकडे तिच्या मोबाईलवर एखादी मालिका हळू आवाजात चालायची. इकडे मशीनची मंद फुसफुस. दोन खोल्या, दोन आवाज.

तर ती थंडी.

सुगंधाचा थोरला भाऊ बळीरामदादा. त्याचा फोन तिने स्पीकरवर घेतला होता, कारण हात पिठाचे होते.

"बाय, औंदा शेवटची पोपटी हाय," तो म्हणाला. "माघात जमीन दुसऱ्याच्या नावावर व्हईल. सगली राताला तिथंच राहू. तुमी दोघा येवा."

माझ्या सासऱ्यांचा जन्म मिठागरात गेला. पायाला कायम खारं पाणी. म्हणून त्यांना गोड्या मातीची हौस होती. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी खाडीपासून लांब, प्रबळगडाच्या पायथ्याशी, गाढी नदीच्या वरच्या अंगाला एक तुकडा घेतला होता. पावसाळ्यात भात, आणि भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल. गाव गेलं तरी हा तुकडा राहिला. दर हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की सगळे तिथे जमायचे आणि पोपटी लावायचे, म्हणजे मडक्यात शेंगा नि कोंबडी भाजायचे. शेतात वीज नव्हती, घर नव्हतं, एक पत्र्याची शेड तेवढी. बाकीचे रात्री तिथेच राहायचे. आम्ही दोघं साडेनऊला निघायचो.

फोन ठेवल्यावर सुगंधा पोळ्या लाटत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी राहणार आहे त्या दिवशी. तुम्हाला मशीन आहे, तुम्ही या परत."

"आणि तू?"

"मी राहणार आहे," ती पुन्हा म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. उलट ती माझी सोयच पाहत होती. पण मला ते लागलं. मी म्हणालो, "मीही राहतो. बॅटरीवर मशीन चालवता येतं."

"येतं?"

"येतं. मी बघतो ना."

आज मागे वळून पाहताना वाटतं, त्याच वेळी खुर्ची ओढून बसायला हवं होतं आणि विचारायला हवं होतं, की का राहायचं आहे तुला. पण मला एक गणित मिळालं होतं. निवृत्त झाल्यापासून मला गणित मिळालं नव्हतं.

पहिला प्रयोग मी गाडीच्या बॅटरीवर केला. ती काढून खोलीत आणली, पेपर पसरून त्यावर ठेवली, तिला एक छोटा इन्व्हर्टर जोडला आणि त्यात मशीनचा प्लग घातला. अकराला झोपलो. साडेतीनला इन्व्हर्टर कर्कश ओरडायला लागला. बॅटरी उतरली होती. मी अंधारात बटण चाचपडत असताना दार उघडलं आणि सुगंधा आत आली.

"काय वाजतंय?"

"बॅटरी संपली."

ती दारातच उभी राहिली. केस मोकळे, शाल एका खांद्यावर. या खोलीत रात्री ती किती वर्षांनी आली असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी तिला समजावून सांगत होतो, की मशीनमधली पाण्याची टाकी तापते, तीच सगळी वीज खाते, शिवाय इन्व्हर्टर स्वतः वीज खातो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग आता कसे झोपणार?" तिने विचारलं.

"घरातल्या प्लगवर लावतो."

"हं," ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेला जरा टेकली. मी प्लग बदलला, मास्क चढवला. ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी जुन्या पनवेलमध्ये एका बॅटरीच्या दुकानात गेलो. दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघाला. मी वहीत काढलेली आकृती त्याने पाहिली आणि म्हणाला, "सर, इन्व्हर्टर मध्ये घालूच नका. बॅटरीतून थेट मशीनला जाणारी केबल मिळते. आणि पाणी तापवायचं बंद करा." त्याने मला जेवणाच्या डब्याएवढी लिथियम बॅटरी दिली. वर एक छोटा पडदा, त्यावर किती टक्के उरली ते दिसायचं. ती मी घरी आणली तेव्हा मला उगीचच मुलीचं पहिलं दप्तर आठवलं.

दुसरा प्रयोग. बॅटरी सकाळपर्यंत आरामात पुरली, पण पाण्याची टाकी बंद असल्याने हवा कोरडी आणि गार. नाक दुखलं, घसा असा सुकला की चहाचा पहिला घोट काट्यासारखा गेला. शेतात तर याहून थंडी असणार. मी स्वयंपाकघरात उभ्याने हे सांगत होतो.

सुगंधा म्हणाली, "नळी उघड्यावर ठेवू नका. गोधडीच्या आतून घ्या, अंगाच्या उबेने हवा तापेल."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. तीस-पस्तीस वर्षं उष्णतावहन शिकवून मला हे सुचलं नव्हतं. त्या रात्री नळी गोधडीतून घेतली आणि छान झोप लागली. सकाळी वहीत लिहिलं, "त्रेपन्न टक्के शिल्लक. नळी आतून. घसा बरा." सुगंधाचं नाव लिहिलं नाही. वही अजून आहे.

पोपटीच्या दिवशी आम्ही दुपारीच पोचलो. भाताचे कोरडे खुंट, त्यामधून वालाचे वेल, बांधाबांधाने भांबुर्डा. भांबुर्ड्याचा पाला चुरगळला की ओव्यासारखा उग्र वास येतो आणि तो बोटांवरून दोन दिवस जात नाही. माझ्या बायकोने चपला शेडपाशी काढल्या आणि अनवाणी शेतात उतरली. मी तिला नवीन पनवेलमध्ये चपलेशिवाय गॅलरीतसुद्धा पाहिलेलं नाही.

आणि तिची भाषा बदलली. हे दर वेळी व्हायचं आणि दर वेळी मी थोडा बाजूला पडायचो. आमच्या घरात ती माझ्यासारखं बोलते, शाळेच्या बाईंसारखं. तिथे वहिनी शेंगा तोडत होत्या, त्यांना ती ओरडून म्हणाली, "वयनी, त्या कोवल्या तोडू नको, त्यांना दाना नाय." आवाज मोठा, मोकळा. मला वाटलं, ही बाई मला भेटायला हवी होती.

सूर्य डोंगराआड गेला तशी पोपटी लावली. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा, पुन्हा पाला. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उलटं ठेवलं, भोवती पेंढा आणि काटक्या रचल्या आणि दादाने आग लावली. ज्वाळा माणसाच्या उंचीच्या झाल्या. सगळ्यांचे चेहरे केशरी. सुगंधा आगीच्या पलीकडे उभी होती, आणि ती आगीकडे बघत नव्हती. ती शेताच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत होती. तिथे काही नव्हतं, एक आंब्याचं झाड होतं. मी तेव्हा टोपीखाली कानाला हात लावून थंडीचा अंदाज घेत होतो आणि बॅटरीवर थंडीचा किती परिणाम होईल याचा विचार करत होतो.

अर्ध्या तासाने दादाने तापलेल्या मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले. चर्र झालं आणि थेंब उडून गेले. "झाली," तो म्हणाला. मडक्यातलं सगळं कागदावर ओतलं. वाफ, ओवा, धूर, भाजलेल्या शेंगांचा गोडसर वास. आम्ही बोटं भाजत खाल्लं. बोलणं कमीच झालं. शेवटचं आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच ते काढायचं नव्हतं. वहिनी एकदा म्हणाल्या, "मीठ जरा कमी झाला," आणि दादा म्हणाला, "बाबा असता तर बोंबलला असता." सगळे हसले. मग बराच वेळ शेंगा सोलल्याचाच आवाज.

दादाने जवळच्या कॅम्पवाल्याकडून तीन तंबू आणले होते. त्यातला एक आमचा. साडेनऊला मी आत जाऊन माझी मांडामांड सुरू केली. बॅटरी स्वेटरमध्ये गुंडाळली, केबल लावली, मशीन एका उपड्या पाटीवर ठेवलं, नळी गोधडीतून घेतली. दादाने तंबूच्या दारातून डोकावून मास्क पाहिला.

"दाजी, इमान चालवाला चाल्लाव काय?"

"हो, तुमच्याच गावावरून उडवतो," मी म्हणालो. तोंडातून निघाल्यावर मला कसंसंच झालं. पण दादा हसला.

थोड्या वेळाने सुगंधा आत आली. तंबू लहान. आमच्या दोन गोधड्यांमध्ये वीतभरसुद्धा अंतर नव्हतं. मी मास्क लावून पाठीवर पडलो होतो. तिच्या केसांना धुराचा वास येत होता. ती आडवी झाली नाही. गुडघे पोटाशी घेऊन बसली. बाहेरच्या आगीचा उजेड तंबूच्या कापडावर हलत होता.

"अहो," ती म्हणाली. "झोपला नाहीत ना?"

मी मान हलवली आणि बोटाने मास्ककडे खूण केली. मग बॅटरीकडे बोट दाखवून अंगठा वर केला. सगळं ठीक, असं.

ती माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. मग वाकून तिने माझी गोधडी नीट केली, नळीचा एक वेढा बाहेर आला होता तो आत सरकवला आणि तिचा हात माझ्या छातीवर दोन क्षण राहिला.

"काही नाही," ती म्हणाली. "झोपा."

मी झोपलो. मी इतका गाढ झोपलो की तशी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. स्वच्छ हवा, थंडी, पोटभर जेवण, छातीवर नुकत्याच पडलेल्या हाताची ऊब. मशीन एकदाही थांबलं नाही.

जाग आली तेव्हा उजाडत होतं. मी आधी पडदा पाहिला. अठ्ठेचाळीस टक्के. मग शेजारी पाहिलं. तिची गोधडी होती तशी घडी घातलेली होती. उलगडलीच नव्हती.

बाहेर दवाने सगळं पांढुरकं दिसत होतं. वरच्या कोपऱ्यात आंब्याखालच्या बांधावर ती बसली होती, शाल डोक्यावरून घेतलेली. शेजारी दादा, हातात चहाचा पेला. मी जवळ गेलो तसा दादा उठून खाली गेला.

"झोपलात?" तिने विचारलं.

"अगदी मस्त. अठ्ठेचाळीस टक्के उरली बघ. आणखी जवळजवळ एक रात्र निघाली असती."

"बरं झालं," ती म्हणाली.

येताना गाडी मी चालवली. डोळे लख्ख उघडे. ती वाटेत खिडकीला डोकं टेकून झोपली, तोंड किंचित उघडं. मी खड्डे चुकवत हळू चालवत होतो आणि स्वतःवर खूश होतो. मला वाटत होतं की मी तिच्यासाठी काहीतरी केलं.

आठ-दहा दिवसांनी बळीरामदादा सुके वाल घेऊन आला. सुगंधा बाजारात गेली होती. मी चहा केला. तो जमिनीच्या कागदांविषयी थोडं बोलला, मग पेला खाली ठेवून म्हणाला, "दाजी, त्या राताला बाय रातभर बांधावर बसली व्हती. ठाव हाय ना?"

मी म्हणालो, "रातभर?"

"मी बोल्लो, जा, नीज जराशी. तर बोल्ली, यांच्याशी बोलाचं व्हतं, पन ते निजले. मंग मी बसलो संगं. मना काय ती बोल्ली नाय. नुसती बसली."

त्याला त्यात तक्रार करायची नव्हती. तो सहज सांगत होता. चहा संपवून तो गेला, आणि मी तिथेच बसून राहिलो. "अहो, झोपला नाहीत ना?" असं ती विचारत होती तेव्हा मी अंगठा वर केला होता. तो अंगठा मला आठवत राहिला. वहीतले सगळे आकडे बरोबर होते. बॅटरी पुरली होती.

त्या संध्याकाळी मी तिला विचारलं. ती देवापुढे दिवा लावून आली होती.

"शेतावर त्या रात्री तुला काहीतरी सांगायचं होतं."

"कोण म्हणालं?"

"दादा."

ती सोफ्यावर बसली. पदराने काडीची राख हातावरून पुसली. "होतं काहीतरी," ती म्हणाली.

"काय?"

तिने खरंच आठवून पाहिलं. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मला टाळत नव्हती ती, शोधत होती.

"नाही सांगता येणार आता," ती म्हणाली. "ते तिथेच बोलायचं होतं. तिथे बसल्यावर आलं होतं मनात. इथे काय सांगू?"

माघात जमीन गेली. पुढच्या वर्षी मी एकटाच त्या बाजूला गाडी घेऊन गेलो. पत्र्याचं कुंपण आलं होतं. कुंपणाच्या फटीतून आंब्याचं झाड दिसतं का पाहिलं, दिसलं नाही. बहुधा मी चुकीच्या फटीतून पाहत होतो. घरी येऊन तिला सांगितलं नाही.

तेव्हापासून मी एक करतो. मशीन साडेनऊला लावत नाही. साडेनऊला तिच्या खोलीत जातो आणि खुर्चीवर बसतो. पहिल्या रात्री ती घाबरली. "बरं वाटत नाहीये का?" म्हणाली. मी म्हटलं, "नाही, सहज." दोघंही मालिका बघत बसलो. मला त्यातलं कोण कोणाची सून तेही माहीत नव्हतं. पुढे तिने मोबाईल बंद करायला सुरुवात केली. आम्ही फार बोलतो असं नाही. मुलीचा विषय निघतो, सोसायटीच्या पाण्याचा निघतो. मग बोलणं संपतं. तरी मी जरा वेळ बसून राहतो. परत येऊन मास्क लावतो. पलंगावर शेजारी जागा आहे. ती रिकामीच आहे. काही गोष्टी उशीर झाल्यावर पूर्वीसारख्या होत नाहीत, आणि त्यात कोणाचा राग असतोच असं नाही.

परवाचीच गोष्ट. थंडीमुळे कपाटातल्या जाड चादरी काढून दिवसभर गॅलरीत उन्हाला टाकल्या होत्या. जेवणं झाल्यावर ती त्यांच्या घड्या घालत होती. डबल बेडची चादर एकट्याने धड घडी होत नाही, म्हणून दोन टोकं मी धरली. आम्ही खोलीच्या दोन कडांना उभे. चादर झटकली, मधून दुमडली, मी पुढे जाऊन माझी टोकं तिच्या हातात दिली. दोन चादरी झाल्या. तिसरी झटकताना ती एकदम म्हणाली,

"बाबा राखणीला मला न्यायचे ना, वालाच्या शेतावर? रानडुकरं यायची म्हणून रात्रभर बसायला लागायचं. वरच्या कोपऱ्यात मचाणासारखा माळा होता. मी आठ-नऊ वर्षांची असेन. दादाला न्यायचे नाहीत, मला न्यायचे. मला वाटायचं मी लाडकी म्हणून."

"मग?"

"लाडकी नव्हे. त्यांना भीती वाटायची. कोल्हे ओरडले की माझा हात घट्ट धरायचे. एकदा कानात कापूस घालून बसलेले पाहिले मी त्यांना. दादाला नेलं असतं तर त्याने गावभर केलं असतं. मी कोणाला सांगणार नाही हे त्यांना माहीत होतं."

"आणि सांगितलं नाहीस."

"नाही. आईलासुद्धा नाही."

चादर आमच्या मध्ये ताणलेली होती. मी ती हलू दिली नाही. सासऱ्यांना मी ओळखत होतो, उंच, दणकट माणूस, मिठाने भेगाळलेले पाय. वीस वर्षं त्यांच्याशी मी फक्त पावसाविषयी बोललो होतो.

"हेच सांगायचं होतं का तुला त्या रात्री?" मी विचारलं.

तिने तिच्याकडची टोकं जुळवली.

"नाही," ती म्हणाली. "ते दुसरं होतं."

मग चालत माझ्यापर्यंत आली, माझ्या हातातली दोन टोकं घेतली आणि चादरीची घडी छातीशी धरून हाताने सरळ करत राहिली.